हाँगकाँगमध्ये ११ तास, सोबत ७४ वर्षांचे बाबा: स्टार फेरी की पीक ट्राम?

मुक्काम_पोस्ट_ठाणे
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन व्हॅन्कुव्हरला दादाकडे चाललेय, मध्ये हाँगकाँगला ११ तासांचा लेओव्हर आहे, सकाळी पोचून संध्याकाळपर्यंत. बाबा ७४ चे, गुडघे कुरकुरतात पण हट्ट शाबूत आहे. सगळी नोकरी मुंबईत इंदिरा डॉकात क्रेनवर काढली त्यामुळे मॉल नको, देऊळ नको, "मला बंदर दाखव" एवढंच धरून बसलेत. नवऱ्याचं म्हणणं पीक ट्रामने डोंगरावर जा, वरून अख्खं बंदर दिसतं. मला वाटतं स्टार फेरीत, म्हणजे बंदर ओलांडणाऱ्या बोटीत बसवावं, पण ती म्हणे दहा मिनिटांतच पलीकडे पोचते. एवढ्याशा फेरीसाठी एअरपोर्टबाहेर पडण्यात अर्थ आहे का? आणि व्हिसाचं काय करायचं?

वाळकेश्वरचा_वाट्या
व्हिसा लागत नाही पण बाहेर पडायचं असेल तर इंडियन पासपोर्टला प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन लागतं, ऑनलाइन आहे, फुकट आहे, दोघांचं वेगवेगळं करायचं आणि प्रिंट काढून जवळ ठेवायची. हे निघायच्या आधीच उरकून टाका, आयत्या वेळी एअरपोर्टवर बसून करू म्हणाल तर पंचाईत.

आता फेरी. मी तीन वर्षं तिकडे होतो, रोज कामाला जाता-येता तिनेच. दहा मिनिटं खरीच पण त्या दहा मिनिटांत बघायला भरपूर आहे. बोट धक्क्याला लागताना निळ्या खलाशी ड्रेसमधला माणूस बघा, हातात लांब काठी, टोकाला आकडा, आपल्याकडे आंबे काढायची आकडी असते ना तसली, तिने तो दोर ओढून घेतो आणि खुंट्याला अडकवतो. मग खाडकन फळी पडते आणि सगळी पब्लिक उतरते. बोटीला पुढचं-मागचं नाही, दोन्ही टोकांना सुकाणूची केबिन, वळायचा प्रश्नच येत नाही. म्हणून बाकांची पाठ पण इकडून तिकडे उलटता येते, आपण ज्या दिशेला चाललो तिकडे तोंड करून बसायचं. बाकांच्या लाकडात चांदणीच्या आकाराची भोकं पाडलीयत. बाबांना हे वरच्या डोंगरावरून दिसणार नाही. क्रेनवर काम केलेल्या माणसाला धक्का जवळून दाखवा हो.

तिकीट शंभर रुपयांच्या आत. एअरपोर्ट एक्सप्रेसने हाँगकाँग स्टेशनला २४ मिनिटांत पोचता, तिथून चालत सेंट्रलचा पिअर नंबर ७, फेरीने पलीकडे चिम शा चुई. एक टीप, एअरपोर्टहून शहरात येताना ट्रेनमध्ये उजव्या बाजूची सीट धरा, चिंग यी स्टेशन गेलं की क्वाई चुंगचं कंटेनर बंदर लागतं, क्रेनांची रांगच्या रांग. बाबा तिथेच खूष होतील, उरलेलं सगळं बोनस.

पारशी_डेअरी_फॅन
एक गंमत, ही फेरी सुरू करणारा माणूस मुंबईकडचा पारशी होता, दोराबजी नवरोजी मिठाईवाला. म्हणतात की चोरून जहाजात बसून हाँगकाँगला पोचला, आधी स्वयंपाकी, मग बेकरी, मग हॉटेल असं करत करत १८८८ मध्ये कौलून फेरी कंपनी काढली. १८९८ मध्ये कंपनी दुसऱ्यांकडे गेली आणि नाव स्टार फेरी झालं. बोटींची नावं तेव्हापासून मॉर्निंग स्टार, ईव्हनिंग स्टार अशीच. आणि योगायोग बघा, तुमच्या मिस्टरांची पीक ट्राम पण १८८८ चीच आहे, त्यामुळे वयाच्या मुद्द्यावर दोघीत भांडण लावता येणार नाही 😄

बॉस्फरसची_चहा_टपरी
मला शिव्या पडणार माहितीये, पण स्टार फेरी आता टुरिस्टांचीच उरलीय. १९७२ ला बोगदा आला, १९८० ला मेट्रो पाण्याखालून गेली, त्यानंतर ती लोकांची गरज राहिली नाही. खरी फेरी बघायची तर इस्तंबूल, एमिनोन्यू ते काडिकॉय. एका खंडातून दुसऱ्या खंडात ऑफिसला जाणारे लोक, छोट्या कमरेच्या ग्लासात चहा, आणि सिमिट नावाची तिळाची कडी तोडून सीगलना टाकायची. मांडव्याच्या लाँचवर आपण थंडीत गाठ्या टाकतो तसंच सेम.

वाळकेश्वरचा_वाट्या
@बॉस्फरस, ताईंची फ्लाइट इस्तंबूलवरून नाहीये हो 😅 आणि टुरिस्टांचीच हे पटलं नाही, सकाळी बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या बायका माझ्या शेजारी बसायच्या, त्या काय सेल्फी काढायला येत होत्या? १९६६ मध्ये फर्स्ट क्लासचं भाडं ५ सेंटने वाढवलं तर शहरात दंगल पेटली होती. २००६ ला सेंट्रलचा जुना धक्का भराव टाकण्यासाठी पाडला तेव्हा लोक पाडकामाच्या आड जाऊन उभे राहिले. नुसत्या टुरिस्टांच्या बोटीसाठी कोण एवढं करतं.

दीपगृह_वेडा
मला कोणी विचारलं नाही तरी सांगतो. हाँगकाँगचं सगळ्यात जुनं दीपगृह केप डी'अॅग्विलारचं, १८७५ चं, म्हणजे कुलाब्याच्या प्रॉन्ग्जच्या बरोबरीचं. पण तिथे बरंच चालावं लागतं, बाबांना नेऊ नका. त्यापेक्षा चिम शा चुईला फेरीतून उतरलात की समोरच १९१५ चा ४४ मीटरचा घड्याळाचा मनोरा आहे, जुन्या रेल्वे स्टेशनातला तेवढाच शिल्लक राहिलाय. आणि रस्त्यापलीकडे जुनं मरीन पोलीस हेडक्वार्टर, आता तिथे महागडी दुकानं आहेत, दुकानं सोडा, आवारातलं गोल बांधकाम बघा. तिथे काठीवर मोठा गोळा असायचा, रोज दुपारी १ वाजता तो खाली सोडायचे आणि बंदरातली जहाजं त्याच्यावर आपली घड्याळं लावायची. घड्याळ चुकलं की समुद्रात रेखांश चुकतो, म्हणून हा सगळा खटाटोप. १९०७ ला तो गोळा जवळच्या सिग्नल हिलवर हलवला, पण तिथे चढ आहे.

मुक्काम_पोस्ट_ठाणे
सगळ्यांचे आभार! बाबांना सगळं वाचून दाखवलं. मिठाईवाल्यावर हसले, गोळ्याचं म्हणाले "हां, टाइम बॉल, ऐकलंय." मग अर्धा तास एकच प्रश्न, दोर टाकतो तो वेगळा आणि ओढतो तो वेगळा का एकच माणूस? पीक ट्राम कॅन्सल, नवऱ्याला सांगितलंय, तो फुगलाय. आता शेवटचं, वरचा डेक की खालचा?

वाळकेश्वरचा_वाट्या
टाकणारा बोटीवर, ओढणारा धक्क्यावर, दोन माणसं. जाताना वर, हवा आणि व्ह्यू. येताना खाली, तिथे इंजिनचा आवाज आणि डिझेलचा वास येतो. तुम्हाला नको वाटेल, बाबांना विचारून बघा.