उ: पेरोव्स्काइट क्वांटम डॉट एलईडी – घोडं कुठं अडलंय?

प्रश्न असा आहे की पेरोव्स्काइट क्वांटम डॉट्सची (म्हणजे पेरोव्स्काइट रचनेच्या, प्रकाश देणाऱ्या अतिसूक्ष्म स्फटिककणांची) चमक, म्हणजे शोषलेल्या प्रकाशापैकी परत सोडलेला वाटा, ९० टक्क्यांपर्यंत जाते, मग एलईडीची कार्यक्षमता २०-२५ टक्क्यांवरच कशी? दोन्ही आकडे वेगळ्या गोष्टींचे आहेत. पहिला द्रावणावर प्रकाश टाकून मोजलेला. दुसरा वीज देऊन, आणि उपकरणाबाहेर आलेल्या प्रकाशाचा. सपाट थरांमध्ये बराचसा प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन अडकतो, त्यामुळे डॉट अगदी निर्दोष असला तरी मोठा वाटा हातचा जातोच.

खरी डोकेदुखी लिगंडची, म्हणजे डॉटच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंची आहे. ओलिक आम्ल आणि ओलिलअमाइन हे नेहमीचे लिगंड डॉट्सना द्रावणात सुटे ठेवतात, पण त्यांच्या लांब साखळ्या विजेला अडवतात. धुऊन कमी करायला जावं तर ते पृष्ठभागावरून सहज सुटतात आणि तिथं दोष उघडे पडतात. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर! म्हणून आखूड साखळीचे, घट्ट चिकटणारे लिगंड वापरतात. २०१८ मध्ये जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या गटाने हिरव्या डॉट्समधल्या ब्रोमाइडच्या जागी आयोडाइड घालून लाल एलईडी २१.३ टक्के कार्यक्षमतेवर नेला.

टिकाऊपणाचं मात्र अजून कठीण आहे. विद्युतक्षेत्रात हॅलाइड आयन (क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड) जागेवरून सरकतात. निळ्यासाठी क्लोराइड-ब्रोमाइड मिसळलं तर ते वेगळे होऊन रंगच बदलतो. आणि आयुष्याचे तास वाचताना ते किती तेजस्वितेवर मोजलेत हे आधी बघा. १०० कँडेला प्रति चौरस मीटर म्हणजे टीव्हीसाठी फारच मंद.