टीव्ही वायफायला जोडताना काय काय झालं? आपापले अनुभव लिहा

बाबा एकटे राहतात. संध्याकाळी बुद्धिबळाच्या जुन्या लढती टीव्हीवर लावायच्या, वही घेऊन बसायचं आणि एकेक चाल लिहून काढायची, हा त्यांचा रोजचा नेम. मागच्या महिन्यात त्यांच्याकडचा राउटर बदलला आणि टीव्हीवर ‘नेटवर्कशी जोडणी नाही’ एवढंच दिसायला लागलं. मी फोनवरून सांगत होते: सेटिंग्ज, मग नेटवर्क, मग वायफाय, नव्या राउटरचं नाव निवडा, पासवर्ड टाका. तिथेच गाडी अडली. पासवर्ड राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर, अक्षरं मुंगीएवढी. शून्य आहे की ओ, आय आहे की एल, ते भिंगातूनही कळेना. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठायचं, आणि टाकलं की त्याचा ठिपका होतो, म्हणजे कुठे चुकलं तेही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “राहू दे गं, माझं काही अडत नाही.” ते मला फार लागलं.

रविवारी स्वतः गेले. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. स्पेलिंग, कॅपिटल, स्मॉल सगळं जसंच्या तसं. टीव्हीला हातही लावला नव्हता. मिनिटाभरात तो आपला आपण जोडला गेला. बाबांचा टॅबही. ही युक्ती पहिल्याच दिवशी कुणी सांगितली असती तर त्यांची आठवडाभराची परवड वाचली असती.

म्हणून विचारतेय. पडद्यावर नेमकं काय दिसत होतं, आधी काय करून पाहिलं, आणि शेवटी कशाने सुटलं, तेवढं लिहा. न सुटलेलंही लिहा.

* * *

ताई, तुमच्या बाबांचं वाक्य वाचून लिहायला बसलो. मी घरोघरी नेटवर्क बसवायचं काम करतो. लोक सांगतात, ‘टीव्हीला नेट येत नाही’. या एका वाक्यात दोन अगदी वेगळी दुखणी असतात आणि ती वेगळी केल्याशिवाय कशालाच हात लावू नये.

पहिलं दुखणं म्हणजे टीव्ही राउटरपर्यंत पोचतच नाही. नाव दिसत नाही, पासवर्ड घेत नाही, जोडतो आणि सुटतो. दुसरं म्हणजे राउटरशी जोडलेला आहे, पण त्यापुढे वाट बंद आहे. ओळखायचं कसं? नेटवर्कच्या पानावर टीव्हीचा आयपी पत्ता (नेटवर्कमधली त्याची आकड्यांतली ओळख) असतो, तो वाचा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुतेक घरांत त्याचा अर्थ राउटरने टीव्हीला पत्ता दिलाय, टीव्हीचं आणि राउटरचं जमलंय. आता पुढे बघायचं. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर टीव्हीने पत्ता मागितला, राउटरने दिला नाही, म्हणून टीव्हीने स्वतःच एक लावून घेतलाय. अशा पत्त्यावर इंटरनेट चालणार नाही, कितीही वेळ थांबलात तरी.

आणि सगळ्यात आधी मी एक गोष्ट करतो. फोनचं हॉटस्पॉट लावतो आणि टीव्ही त्याला जोडून बघतो. दोन मिनिटांचं काम आहे. हॉटस्पॉटवर चाललं तर टीव्ही ठणठणीत आहे, राउटरकडे वळा. तिथेही नाही चाललं तर मग टीव्हीकडे. एवढं न करताच लोक फॅक्टरी रीसेट मारतात, सगळी ॲप्स, सगळे लॉगिन जातात, आणि दोष राउटरचाच असतो. फार वाईट वाटतं बघून.

* * *

वरच्या हॉटस्पॉटच्या सल्ल्याला एक जोड. माझ्या टीव्हीला आयफोनचं हॉटस्पॉट दिसतच नव्हतं. आयफोन १२ पासून पुढच्या फोनमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ असं बटण आहे, ते चालू केलं की हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर येतं (वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा वेगवेगळ्या लहरींवर चालतं, काही टीव्हींना फक्त २.४ कळतं). लगेच दिसलं.

* * *

माझं दुखणं याच जातीचं होतं, फक्त राउटरचं. राउटर दोन नावं दाखवायचा, त्यातलं शेवटी ‘५जी’ असलेलं नाव फोनवर दिसे, टीव्हीवर नाही. मी टीव्ही बंद-चालू करून थकले. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत एका ओळीत लिहिलेलं होतं की त्याचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. म्हणजे ५ गिगाहर्ट्झचं नाव त्याला दिसणारच नव्हतं. (या ‘५जी’चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही, माझा तोही गोंधळ होता.) दुसऱ्या नावाला जोडला आणि विषय मिटला. २.४ चा वेग कमी असतो, पण ते भिंतीतून जास्त चांगलं जातं.

* * *

टीव्ही वर्षभर खोक्यात पडून होता. काढून लावला, वायफाय जोडलं, ‘जोडले गेले’ असं आलं, पण एकही ॲप उघडेना. प्रत्येक ॲप वेगळ्या शब्दांत तेच सांगत होतं: सर्व्हरशी संपर्क होत नाही. फोनवर त्याच वायफायवर सगळं सुरळीत. मी राउटर बदलायच्या बेतात होतो.

मुलीने कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. टीव्ही कित्येक वर्षं मागच्या तारखेत होता! आपोआप वेळ घेण्याची सोय बंद केलेली होती. मग लक्षात आलं ते असं: सुरक्षित वेबसाइटचं एक प्रमाणपत्र असतं, त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. टीव्हीच्या लेखी ती तारीख अजून उजाडलेलीच नव्हती, म्हणून तो प्रत्येक प्रमाणपत्र नाकारत होता. तारीख हाताने बरोबर केली, सगळी ॲप्स उघडली. तेव्हापासून कुणाचाही टीव्ही बघायला गेलो की मी आधी घड्याळ बघतो.

* * *

तारखेवरून आठवलं. आमच्या जुन्या टीव्हीची तारीख बरोबर होती, तरी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या ब्राउझरवर निम्म्या साइट्स बंद पडल्या. ३० सप्टेंबर २०२१ ला ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ नावाच्या मूळ प्रमाणपत्राची (ज्याच्या भरवशावर साइट्सची प्रमाणपत्रं खरी मानली जातात त्याची) मुदत संपली होती. ज्या उपकरणांना वर्षानुवर्षं अपडेट मिळाला नव्हता त्यांच्याकडे त्याच्या जागी आलेलं नवं प्रमाणपत्र नव्हतं. टीव्हीच्या कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं कधीच थांबवलं होतं. शेवटी एचडीएमआयमध्ये स्ट्रीमिंग स्टिक लावली. पडदा उत्तम आहे अजून, तो का टाकायचा?

* * *

माझं प्रकरण सुटायला दोन महिने लागले, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

टीव्ही वायफायवर नीट चालायचा, आणि मधेच, कधी दहा मिनिटांनी, कधी तासाने, जोडणी तुटायची. राउटर त्याच खोलीत, समोर. सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या. राउटरचा वायफाय चॅनल (लहरींचा ठरावीक पट्टा) बदलून पाहिला, २.४ वर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत म्हणून तिन्ही आठवडा आठवडा ठेवून बघितले. सॉफ्टवेअर अपडेट केलं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने बोर्ड बदलायला लागेल सांगितलं आणि मी जवळजवळ हो म्हणाले होते.

मी एक वही केली. किती वाजता तुटलं, त्या वेळी काय चालू होतं, एवढंच लिहायचं. दोन आठवड्यांनी पानं उलटली तर एक गोष्ट डोळ्यांत भरली: फोटोंची हार्ड डिस्क टीव्हीला लावलेली असेल त्याच दिवशी जोडणी तुटत होती. रिमोटही त्याच दिवशी अडखळायचा, दोनदा दाबावं लागायचं. आमचा रिमोट ब्लूटूथवर चालतो. डिस्क यूएसबी ३ ची. शोधल्यावर कळलं की यूएसबी ३.० ची उपकरणं आणि त्यांच्या केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच त्यावर सविस्तर लिहून ठेवलंय. ब्लूटूथही २.४ वरच, म्हणून रिमोटचंही तेच. आणि टीव्हीचा यूएसबी पोर्ट नि वायफायचा अँटेना एकाच कडेला, चार बोटांच्या अंतरावर!

एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल घेतली, डिस्क टीव्हीपासून लांब टेबलावर ठेवली आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर नेला. त्यानंतर एकदाही तुटलं नाही. बोर्ड तोच आहे. बोर्ड बदलायला सांगणाऱ्याने ‘मागे काय काय लावलंय’ एवढं तरी विचारायला हवं होतं, याचा राग मात्र अजून जात नाही.

* * *

डीएनएस बदला. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ८.८.८.८ टाकलं, माझा प्रश्न सुटला.

* * *

दादा, तुमचा सुटला असेल, पण तो सगळ्यांना सांगायचा उपाय नाही. डीएनएसचं काम नावावरून पत्ता काढून देण्याचं. ते बिघडलं असेल तर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ने फरक पडतो, म्हणजे आयपी पत्ता बरोबर आहे, राउटर दिसतोय, फक्त साइट सापडत नाहीत, अशा वेळी. टीव्ही राउटरशीच जोडला जात नसेल तर त्याने काही होणार नाही. उलट बऱ्याच टीव्हींत डीएनएस हाताने टाकताना आयपीही हाताने घालावा लागतो, आणि राउटर बदलला की तो जुना पत्ता तसाच राहून नवं दुखणं सुरू होतं. काम झालं की नोंद करून ठेवा.

* * *

नवा राउटर आल्यावर टीव्हीला नाव दिसायचं, पासवर्ड शंभर टक्के बरोबर, तरी ‘पासवर्ड चुकीचा’. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या वायफाय सुरक्षेच्या नव्या प्रकारावर होती. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये, आमचा टीव्ही त्याच्या आधीचा. त्याला ती भाषाच येत नाही, आणि पडद्यावर खापर पासवर्डवर फोडतो. राउटरमध्ये ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय निवडला, पहिल्या फटक्यात जोडला. संदेश चुकीचा असतो हे कळायला मला चार संध्याकाळी लागल्या. पासवर्ड तीनदा तपासून झाला असेल तर सुरक्षेचा प्रकार बघाच.

* * *

आतल्या खोलीतल्या टीव्हीसाठी मी रिपीटर (राउटरचा सिग्नल पुढे पोचवणारी डबी) घेतला आणि टीव्हीच्या शेजारीच लावला. काड्या भरल्या, चित्र मात्र अडखळतच राहिलं. त्या काड्या टीव्ही आणि रिपीटर यांच्यातल्या. रिपीटरला राउटरकडून जे मिळतंय तेच तुटपुंजं असेल तर तो पुढे देणार काय? राउटर आणि टीव्ही यांच्या मध्यावर, जिथे फोनवर अजून चांगला वेग मिळतो तिथे लावला, तेव्हा सुधारलं. तरी साधा रिपीटर त्याच चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर बोलतो, त्यात वेग साधारण निम्मा होतो.

पुढे राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅनची केबल टाकली. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचाच असतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण फोर-के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस पुरे म्हणते. शंभर म्हणजे चंगळ आहे. केबलने आईचं बघणं बदललं. तिला कमी ऐकू येतं, ती सबटायटल वाचत बघते. चित्र थांबून पुढे उडी मारायचं तेव्हा वाक्यच निसटायचं आणि ती कुणाला विचारायची नाही, नुसती बसून राहायची. टीव्ही हलत नाही, राउटर हलत नाही. जिथे शक्य असेल तिथे केबल टाकाच, असं माझं अगदी मनापासून सांगणं आहे.

* * *

आमच्या टीव्हीत वायफायचं बटणच करडं होऊन जातं, दाबताच येत नाही. रिमोटने बंद करून उपयोग नाही, तो नुसता झोपतो. भिंतीवरचं बटण बंद करून पाच मिनिटं थांबलं की परत येतं. ‘पटकन सुरू हो’ अशा अर्थाची जी सोय सेटिंगमध्ये असते ती बंद केल्यापासून आठवड्याने एकदा होतं, आधी रोज व्हायचं. पूर्ण सुटलेलं नाही. आतलं वायफाय मॉड्यूल जात चाललंय असं वाटतं.

* * *

फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकताना टीव्ही यादीत दिसत नसेल तर फोन गेस्ट नेटवर्कवर आहे का ते बघा. गेस्टवरची उपकरणं घरातल्या बाकीच्यांना दिसू नयेत अशीच बहुधा त्याची रचना असते. आमच्याकडे पाहुण्यांना गेस्टचा पासवर्ड दिलेला, आणि मुलाने तोच फोनमध्ये घातलेला.

* * *

मी सुरुवात केली होती, तीच. सगळं वाचलं, काही गोष्टी बाबांकडे जाऊन लगेच केल्या. घड्याळ बरोबर आहे. राउटर टीव्हीच्या पाठीमागे होता, पत्र्याच्या आडोशाला, तो बाजूला उघड्यावर काढला. पासवर्ड जाड पेनाने पुठ्ठ्यावर लिहिला, शून्याच्या पोटात तिरकी रेघ मारून, आणि तो टीव्हीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

काल त्यांच्याकडे वीज जाऊन आली. टीव्ही लगेच उठला, राउटरला उठायला वेळ लागला, आणि टीव्हीने एकदा शोधून सोडून दिलं. पुन्हा ‘जोडणी नाही’. बाबांनी मला फोन केला नाही. राउटरचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबले, मग टीव्ही भिंतीवरून बंद करून पुन्हा लावला. रात्री नऊला फोन आला तो एवढंच सांगायला, की पांढऱ्याने एकविसाव्या चालीत वजीर दिला आणि अजून त्यांना कळत नाहीये की का.