जुना सीबी रेडिओ: व्हॉल्यूम आणि स्क्वेल्चच्या सुटलेल्या वायरी कुठे जोडायच्या? (सांगली)

नमस्कार मंडळी,

मिरजेत एका भंगारवाल्याकडे गाडीत लावायचा जुना सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सर्वसामान्यांनी आपसात बोलायचा) रेडिओ मिळाला. २७ मेगाहर्ट्झचा, ४० चॅनेलचा, बहुधा अमेरिकन बाजाराचा असावा. पुढची अक्षरं पुसलीत, त्यामुळे मॉडेल कळत नाही आणि सर्किट डायग्रामही सापडत नाही. आधी कुणीतरी खोलून पुढचं पॅनेल ओढलेलं दिसतंय, नॉबच्या मागच्या वायरी सुटल्यात.

व्हॉल्यूमच्या पॉटला (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरला) पाच पाय आहेत. मागच्या दोघांच्या वायरी शाबूत, पुढचे तिन्ही मोकळे. पीसीबीवरून (आतल्या सर्किट बोर्डवरून) एक जाळीवाली वायर आणि एक तपकिरी वायर लोंबतेय. स्क्वेल्चच्या (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणाऱ्या नॉबच्या) पॉटचा फक्त मधला पाय मोकळा आहे. एक हिरवी वायर उरते, ती तिथलीच असावी. रंगांवर मात्र माझा भरवसा नाही. मध्येच टेलिफोनच्या वायरीचा तुकडा जोडून वर सेलोटेप गुंडाळणारा महाभाग कुठल्या रंगाला काय जोडेल सांगता येत नाही.

बॅटरी जोडली की दिवा लागतो, चॅनेलचा आकडा दिसतो, स्पीकर मुका. सोबत माईक नव्हता. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे. जाळीच्या आतली तार मधल्या पायाला की कडेच्या? अंदाजाने जोडलं तर काही उडेल का?

प्रतिसाद: मागचे दोन पाय ऑन-ऑफ स्विचचे, ते सोडा. बॅटरी काढून मीटर ओहमवर लावा. नॉब पूर्ण डावीकडे फिरवल्यावर मधल्या पायाशी ज्या कडेच्या पायाचं रीडिंग शून्याजवळ येतं, तो ग्राउंडचा. जाळी तिथे. पण ग्राउंड पीसीबीवरच तपासा, बॉडीवर नको. बऱ्याच सेटमध्ये बॉडी वेगळी ठेवलेली असते.

हिरवी वायर आधी जोडा. स्क्वेल्च तुटका असेल तर सेट कायम गप्प राहू शकतो.

प्रतिसाद: माईक नाही म्हणता, मग वायरी सगळ्या नीट जोडल्या तरी आवाज येईलच असं नाही. अशा कित्येक सेटमध्ये स्पीकरचं सर्किट माईकच्या बटणातून पूर्ण होतं. सॉकेट चार पिनचं असेल तर कोब्रा कंपनीच्या पद्धतीत १ कॉमन, २ आवाज, ३ ट्रान्समिट, ४ रिसीव्ह. १ आणि ४ जोडून बघा. तुमचा सेट त्याच पद्धतीचा असेलच असं नाही, तेव्हा पिनांपासून निघालेल्या वायरी आधी पीसीबीपर्यंत बघून घ्या. ३ ला धक्का लागला तर सेट ट्रान्समिटवर जाईल, आणि ॲन्टेना नसताना आउटपुटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. ५० ओहमचा डमी लोड (ॲन्टेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर) लावूनच बसा.

धागाकर्ता: चार पिनचंच आहे! १-४ जोडलं, हिरवी वायर लावली, बारीक खरखर ऐकू येतेय. आता जाळीतली तार आणि तपकिरी, यातली मधल्या पायाची कुठली?

प्रतिसाद: सेट चालू ठेवून दोन्ही टोकांना स्क्रूड्रायव्हरच्या पात्यावर बोट ठेवून टेकवा. जिथे स्पीकरमध्ये मोठी गुणगुण किंवा टकटक येईल, ती ॲम्प्लिफायरकडे जाते, म्हणजे मधल्या पायाची. दुसरी उरलेल्या कडेच्या पायाला. उलटी लागली तर व्हॉल्यूम विचित्र फिरेल, जळणार काही नाही. आणि बोलायला सुरुवात करण्याआधी एक: आपल्याकडे विनापरवाना मुभा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आणि ५ वॅटपर्यंतच आहे, २००५ च्या नियमांनुसार. चॅनेल २८ पासून वर ४० पर्यंत हा पट्टा ओलांडला जातो. तिथे फक्त ऐका.