मदत हवी आहे: लेस पॉल घाटाच्या गिटारमधून जुन्या रॉकचा आवाज काढायचाय, पिकअप कोणते घ्यावेत?

सहातारा:
मंडळी, गिटार लेस पॉल घाटाची, चिनी बनावटीची. दोन हंबकर (दोन कॉइलचे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग), चार पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या घुंड्यांखालचे बदलते रोध), तीन पोझिशनचा स्विच. पिकअपच्या मागे कसलाही छाप नाही. जॅकला केबल लावून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून मल्टिमीटरने मोजलं तर ब्रिजजवळचा पिकअप १४.१ किलोओहम, नेकजवळचा १३.६. अँप १५ वॉटचा, व्हॉल्व्हचा, दोन ईएल८४ व्हॉल्व्ह.

हवा तो आवाज १९६६ ते ७० च्या ब्रिटिश ब्लूज-रॉकचा. कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू यावी आणि गिटारचा व्हॉल्यूम ५-६ वर आणला की अँप निवळावा. सध्या अँपचा गेन (आवाज फाटवणारी घुंडी) कमी ठेवूनही जाड तारांचा गिचका होतो, आणि व्हॉल्यूम उतरवला की गिटार गोधडीत गुंडाळल्यासारखी वाजते.

सीमोर डंकन कंपनीचे सेथ लव्हर, '५९ आणि अल्निको टू प्रो हे पिकअप डोक्यात आहेत. यातले कोणते? पॉटही बदलावे लागतील का? आणि चार वायरींचे घ्यावेत की जाळीच्या एका वायरचे?

जुनी_गुंडाळी:
आकडे बघता तुमचे पिकअप बहुधा सिरॅमिक चुंबकाचे, बारीक तारेचे आणि भरपूर वेढ्यांचे आहेत. वेढे वाढले की इंडक्टन्स वाढतो, रेझोनन्सचा उंचवटा (ज्या पट्टीत पिकअप सर्वांत जोरात बोलतो ती) खाली सरकतो आणि वरची धार जाते. शिवाय सिग्नल मोठा असल्याने अँप आधीच फाटायला लागतो. गिचका तिथून येतो.

तुम्हाला हवा तो आवाज गिब्सनच्या पीएएफ ('पेटंट अप्लाइड फॉर' लेबलाच्या) हंबकरचा. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर (डंकनचा पिकअप यांच्याच नावाचा) यांनी तो १९५५ मध्ये तयार केला, १९५७ पासून गिटारींवर आला. प्रत्येक कॉइलला ४२ गेजच्या (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक) तारेचे साधारण ५००० वेढे, अल्निको (अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा) चुंबक आणि एकूण रोध ७ ते ९ किलोओहमच्या आसपास. वेढे मोजण्यात तेव्हा काटेकोरपणा नव्हता, दोन कॉइल क्वचितच सारख्या भरायच्या. त्या फरकामुळे हमचं रद्द होणं किंचित कमी होतं, पण वरचे सूर उघडे राहतात.

किलोओहमच्या मागे लागू नका, एवढीच विनंती. तारेचा गेज बदलला की तितक्याच वेढ्यांचा रोध बदलतो. तुलना करायची तर ४२ गेजच्याच दोन पिकअपची करा.

निवड: ब्रिजला सेथ लव्हर (अल्निको २, साधारण ८ किलोओहम). ईएल८४ चा अँप वरच्या पट्टीत टोचतो, तिथे अल्निको २ ची मऊ धार बरी पडते. नेकला '५९ (अल्निको ५, साधारण ७.५), कारण तिथे बेस घट्ट हवा. नेकलाही अल्निको २ घातला तर सोलो गोड वाजतील, पण लेस पॉलच्या नेकवर खालचा सूर सैल पडतो. अल्निको टू प्रो वाईट नाही, पण तुम्हाला तार सुटी ऐकायचीय, त्यासाठी सेथ लव्हर पुढे.

कथील:
निवडीशी सहमत, एक सावधगिरी. सेथ लव्हर मेणात बुडवलेला नसतो. १५ वॉटवर, मध्यम गेनला काही होणार नाही. पण फझ (आवाज फाडणारं पेडल) लावून स्पीकरसमोर उभे राहिलात तर शिट्टी मारेल. तुमचं वाजवणं तसं असेल तर ब्रिजलाही '५९ घ्या, तो मेणातला असतो.

आणि पैसे खर्च करण्याआधी पॉट तपासा. या किमतीच्या गिटारींत कधी कधी २५०के चे पॉट निघतात. हंबकरला ५००के हवेत. २५०के वर पीएएफ लावला तर तोही मंद वाजेल आणि दोष पिकअपला जाईल. मोजताना बाहेरच्या दोन पायांवर मीटर लावा, पण एका पायाची वायर आधी सोडवा, नाहीतर मीटर पिकअपचाच रोध दाखवेल. ५००के च्या पॉटमध्ये २० टक्के इकडेतिकडे चालतं. जास्त भरणारा ब्रिजच्या व्हॉल्यूमला ठेवा.

नवे घेणार असाल तर भोक आधी मोजा: छोट्या पॉटचं ७ मिमी, सीटीएस कंपनीच्या मोठ्या पॉटचं साडेनऊ. भोक वाढवायला टेपर रीमर वापरा. ड्रिल लावलंत तर लाकडाची कपची उडते.

सहातारा:
व्हॉल्यूम उतरवल्यावरची गोधडी पॉटमुळेच का?

कथील:
अर्धी पॉटमुळे, अर्धी वायरिंगमुळे. आजकाल टोनची वायर व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट पायाला जोडतात. पन्नाशीच्या दशकातली पद्धत म्हणजे ती मधल्या, आउटपुट पायाला जोडायची. व्हॉल्यूम ६ वर आणला तरी धार टिकते. मात्र टोन आणि व्हॉल्यूम एकमेकांना थोडे ओढतात, ते अंगवळणी पडतं. खर्च शून्य, एकच वायर हलवायची. पिकअप मागवण्याआधी हेच करून बघा.

कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरॅडचा, अंगावर २२३ छापलेलं असतं. ४७३ निघाला तर बदला, टोन शून्यावर फारच बुजतो. पण महागड्या ‘व्हिंटेज’ कपॅसिटरवर पैसे उडवू नका. टोन १० वर असताना त्याच्या वाटेत ५००के असतो, तो जवळजवळ खेळातच नसतो.

केबलही बघा. लांब, स्वस्त केबलची कपॅसिटन्स हीच धार खाते. ३ ते ५ मीटर पुरे.

जुनी_गुंडाळी:
वायरीचा प्रश्न राहिला. जाळीची वायर जुन्या पद्धतीची, आणि कॉइल स्प्लिट (हंबकरची एकच कॉइल वाजवणं) करायचं नसेल तर तीच सुटसुटीत. पण दोन वेगळ्या मॉडेलांची किंवा कंपन्यांची जोडी लावताना निदान एक तरी चार वायरींचा घ्या. कारण फेज, म्हणजे दोन्ही पिकअपच्या सिग्नलची दिशा. मधल्या पोझिशनला आवाज एकदम पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर दोघे उलट फेजमध्ये आहेत.

सोल्डर करण्याआधी कळतं. मीटर २० किलोओहमवर ठेवा, लाल प्रोब हॉटला, काळा अर्थला. स्क्रू ड्रायव्हरचं पातं पोलवर (पिकअपवरच्या, तारेखालच्या स्क्रूवर) टेकवा आणि झटक्यात उचला. आकडा क्षणभर वर उडतो की खाली ते बघा. दोन्ही पिकअपना एकच दिशा हवी.

उलट निघाला तर चार वायरींच्यात हॉट आणि अर्थच्या वायरी अदलाबदल करा, उघडी वायर मात्र अर्थलाच राहू द्या. जाळीच्यात हे करू नका. जाळी कव्हरला जोडलेली असते, कव्हर हॉट होऊन हात लागला की गुणगुण सुरू. तिथे तळाचे स्क्रू ढिले करून चुंबक उलटा करावा लागतो, आणि कव्हर असेल तर आधी त्याचं सोल्डर कापावं लागतं. फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनच्या लेस पॉलचा मधला आवाज नेकच्या अशाच उलट्या चुंबकाचा, तो मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी.

डंकनचे रंग: काळी हॉट, हिरवी आणि उघडी अर्थ, लाल-पांढरी एकत्र जोडून टेप. डीमार्झिओ या दुसऱ्या कंपनीत लाल हॉट आणि काळी-पांढरी एकत्र. डंकनचा नकाशा बघून डीमार्झिओ जोडला की हमखास गोंधळ.

कथील:
पॉटच्या पाठीवर अर्थ देताना २५ वॉटचं आयर्न कमी पडतं, उष्णता पसरून ड्राय सोल्डर (कच्चा जोड) होतं. ४० ते ६० वॉट, चपटं टोक, ६०/४० सोल्डर, पाठ सँडपेपरने खरवडून. आयर्न तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, आतला ट्रॅक जळतो. ब्रिजच्या स्टडकडून येणारी अर्थची वायर तुटू देऊ नका.

सहातारा:
कव्हर असलेले घेऊ की उघडे?

जुनी_गुंडाळी:
निकेल सिल्व्हरचं कव्हर असेल तर बिनधास्त घ्या, फरक जेमतेम जाणवतो. स्वस्त पितळी कव्हरमध्ये एडी करंट (धातूत गोल फिरणारे प्रवाह) जास्त, ते वरची धार दाबतं. जुनी कव्हरं काढून नव्या पिकअपवर बसवायचा विचार असेल तर तो सोडा.

मागवण्याआधी ब्रिजजवळ पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर मोजा. ४९-५० मिमी असेल तर साधा हंबकर. ५१ ते ५३ भरलं तर रुंद अंतराचा घ्या, डंकनमध्ये त्याला ट्रेमबकर म्हणतात. बसवल्यावर शेवटच्या फ्रेटवर तारा दाबून ब्रिजला १.६ मिमी आणि नेकला २.४ मिमी अंतर ठेवून सुरुवात करा. मग नेक अर्धा-अर्धा फेरा खाली न्या, मधल्या पोझिशनला दोघे बरोबरीने बोलेपर्यंत.