गॉर्डन लाइटफूटचा 'गॉर्ड्स गोल्ड': एलपीवरची गाणी खरी की मोबाइलवरची?

अबोली_मिसिसागा
नमस्कार मंडळी. कॅनडात आमचा हा दुसराच हिवाळा. मागच्या महिन्यात शेजारच्या आजींनी घर आवरायला काढलं तेव्हा जुना रेकॉर्ड प्लेअर आणि सात-आठ एलपी आम्हाला देऊन टाकल्या, त्यात गॉर्डन लाइटफूट या कॅनेडियन गायक-गीतकाराचा 'गॉर्ड्स गोल्ड' होता, १९७५ चा, दोन रेकॉर्ड्सचा ग्रेटेस्ट हिट्स. बाकीच्या ऐकल्या नाहीस तरी चालेल पण ही ऐक, असं म्हणाल्या. मला तर हे नावसुद्धा माहीत नव्हतं. आता रोज रात्री मुलगी झोपली की लावते.

'अर्ली मॉर्निंग रेन' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खिडकीशी बसून होते, आमच्या घरावरून पिअरसन विमानतळावर उतरणारी विमानं जातात, आणि गाण्यातला तो माणूस, खिसा रिकामा, घर लांब, पावसात विमानतळावर उभा राहून दुसऱ्यांचं विमान उडताना बघतोय. भारतात सकाळ झाली होती, लगेच आईला फोन लावला.

तर प्रश्न असा की तेच गाणं मी मोबाइलवर शोधलं तर वेगळंच निघालं. आवाज कोवळा, साथीला वाद्यं कमी. मग एलपीवर आहे ते नक्की काय आहे? आणि सगळे ज्याचं नाव घेतात ते बुडालेल्या जहाजाचं गाणं या सेटमध्ये का नाही?

जुनी_तबकडी
ताई, दोन्ही खरीच आहेत, आवाजही त्याचाच, फक्त मधे दहा वर्षं गेलीत.

लाइटफूटचे सुरुवातीचे अल्बम युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीकडे होते, १९६६ पासून. १९७० ला तो रिप्राइझ या दुसऱ्या कंपनीकडे आला. हिट्सचा सेट काढायची वेळ आली तेव्हा स्वतःची जुनी रेकॉर्डिंग त्याला ऐकवेनात, म्हणून त्या काळातली गाणी त्याने नव्याने गायली. तुमच्या सेटमधली पहिली रेकॉर्ड म्हणजे ती. दुसऱ्या रेकॉर्डवर 'सनडाउन', 'इफ यू कुड रीड माय माइंड' वगैरे रिप्राइझची गाणी आहेत, ती मूळचीच.

ग्रेटेस्ट हिट्स म्हटलं की मला एरवी जरा कंटाळाच येतो, कंपनी जुना माल नव्या कव्हरमध्ये घालून विकते. इथे गाणाराच आपल्या विशीतल्या गाण्यांकडे परत गेलाय, सदतिशीच्या आसपासचा, आवाज खाली उतरलेला, भरलेला. 'सॉन्ग फॉर अ विंटर्स नाइट' मला नवीनच जास्त आवडतं. बर्फ, दिवा, दूर असलेलं माणूस, हे त्या वयाच्या आवाजात जास्त पटतं.

पण 'कॅनेडियन रेलरोड ट्रिलॉजी' मात्र १९६७ चीच ऐका. सीबीसीने, म्हणजे कॅनडाच्या सरकारी रेडिओ-टीव्ही संस्थेने, देशाच्या शताब्दी वर्षासाठी हे गाणं त्याच्याकडून मुद्दाम लिहून घेतलं होतं, १ जानेवारी १९६७ ला टीव्हीवर आलं. सुरुवात जलद, मधे लय एकदम संथ होते आणि रूळ टाकणारे मजूर बोलायला लागतात, मग परत गाडी वेग घेते. नव्यात ऑर्केस्ट्रा आहे, छान आहे, पण जुन्यात नुसत्या गिटारींवर ती गाडी पळते. एक गोष्ट मात्र मला खटकते, त्या रुळांवर हजारो चिनी मजूर राबले आणि कितीतरी मेले, गाण्यात त्यांचा उल्लेखही नाही. मी खंडाळ्याचा, बोरघाटातला लोहमार्ग कसा झाला ते ऐकत मोठा झालोय, म्हणून असेल.

दर्यासारंग
जहाजाच्या गाण्याचं मी सांगतो. एडमंड फिट्झजेराल्ड हे मालवाहू जहाज बुडालं १० नोव्हेंबर १९७५ ला, लेक सुपीरियरमध्ये, लोहखनिज घेऊन चाललं होतं, २९ जण होते, एकही वाचला नाही. तुमचा सेट १९७५ चाच, त्यात हे गाणं येणार कुठून. मासिकात बातमी वाचून त्याने ते लिहिलं आणि १९७६ च्या 'समरटाइम ड्रीम'मध्ये आलं. १९८८ च्या 'गॉर्ड्स गोल्ड'च्या दुसऱ्या भागात आहे पण तेही परत गायलेलं, तुम्ही १९७६ चंच ऐका.

माझ्या मते हा चक्क पोवाडा आहे. घटना ताजी, जहाजाचं नाव, वादळ, माल किती, सगळं गाण्यात. आणि माणूस किती जबाबदार बघा, गाण्यात एका ओळीचा अर्थ असा निघत होता की मालखान्याची झाकणं नीट बंद नव्हती म्हणजे खलाशांची चूक, पुढे नवीन तपासात तसं नव्हतं असं दिसलं तर २०१० पासून कार्यक्रमात ती ओळच बदलून गायला लागला. डेट्रॉइटच्या मरिनर्स चर्चमध्ये त्या २९ जणांसाठी २९ वेळा घंटा वाजवायची पद्धत होती. लाइटफूट १ मे २०२३ ला गेला तेव्हा तिथे ३० वेळा वाजली.

मिरजेची_सून
दादा, घंटेचं वाचून अंगावर काटा आला. पण पोवाडा नाही हो वाटत मला. पोवाड्यात शाहीर जोशात असतो, झीलकरी असतात, ऐकणाऱ्याला उठवायचं असतं. यात ध्रुवपद नाही, एकच चाल पुन्हा पुन्हा येते आणि गोष्ट पुढे सरकते, आवाज कुठेच चढत नाही. मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. माझी आजी गेलेल्या भावाबद्दल अशीच गायची, चाल तीच, हात फिरतोय, आणि एकेका ओवीत एकेक गोष्ट उलगडतेय.

दर्यासारंग
हे पटलं ताई. सहा मिनिटांच्या वर गाणं आहे आणि चाल बदलत नाही तरी कंटाळा येत नाही, का ते आत्ता कळलं.

बारा_तारा
मी गिटार शिकतोय म्हणून थोडं. लाइटफूट ऐकताना मागे एक बोटांनी वाजणारी गिटार आणि बऱ्याचदा बारा तारांची, तिकडे लक्ष द्या. 'इफ यू कुड रीड माय माइंड'ला दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून 'जी' कॉर्ड वाजवायचा आणि तिथून 'एफ' कॉर्डवर जायचं, एवढं साधं, पण त्या एफवर जीव कसा खाली जातो ते वाजवल्यावर कळतं. ते गाणं त्याचं लग्न मोडत होतं तेव्हाचं. पुढे मुलगी म्हणाली की बाबा यात सगळा दोष आईवरच जातो, तर त्याने 'तू'च्या जागी 'आपण' असं गायला सुरुवात केली. तुमच्या एलपीवर मूळचं आहे, नंतरचा एखादा लाइव्ह ऐका आणि तो एक शब्द पकडा.

अबोली_मिसिसागा
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री रेलरोड ट्रिलॉजी आधी मोबाइलवर जुनी आणि मग एलपीवर ऐकली. जुनी_तबकडी, मजुरांचा तो संथ भाग मला नव्यातच जास्त लागला, माफ करा, त्या आवाजात थकवा आहे. आज शेजारच्या आजींना 'तू' आणि 'आपण'चं सांगितलं, त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या टोरांटोच्या मॅसी हॉल या सभागृहात त्याला नवऱ्याबरोबर बघितलं होतं, आणि विचारलं की ती रेकॉर्ड घेऊन रविवारी माझ्याकडे येशील का. जाणार आहे. पुरणपोळी करून नेते.