बेसबॉल आटोपशीर झालं, मग कॉलेज बास्केटबॉल का नाही?

प्रश्न (चौथाडाउन): कॉलेज बास्केटबॉलची शेवटची दोन मिनिटं पंधरा-वीस मिनिटं चालतात. बेसबॉलसारखा उपाय इथे का नाही? आणि एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीग) ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, बॉल आधी घ्यावा की नंतर?

डगआउट: बेसबॉलच्या पिच क्लॉकमुळे, म्हणजे चेंडू टाकायला लावलेल्या घड्याळामुळे, टाळाटाळ थेट महाग पडते. बेस रिकामे असतील तर पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) 15 सेकंद, बेसवर रनर असेल तर 18. उशीर झाला की ‘बॉल’, म्हणजे बॅटरच्या फायद्याची नोंद. बॅटर 8 सेकंद उरेपर्यंत तयार नसेल तर त्याच्याविरुद्ध ‘स्ट्राइक’. 2022 मध्ये सरासरी सामना तीन तासांच्या वर जायचा, 2023 मध्ये तो 2 तास 40 मिनिटांवर आला. कॉलेजात मात्र मागे पडलेल्या संघाला फाउल करणं परवडतं, तिथेच घोडं अडतं. फाउलने घड्याळ थांबतं. हाफमधल्या सातव्या फाउलपासून पुरुषांत ‘वन-अँड-वन’ असतो: पहिला फ्री थ्रो हुकला की दुसरा मिळत नाही, हुकलेला बॉल दोन्ही संघांना पकडायला खुला. म्हणून कच्चा शूटर हेरूनच फाउल करतात. दहाव्यापासून दोन थ्रो नक्की. वर उरलेले टाइमआउट, म्हणजे संघाने मागून घेतलेले थांबे! माझ्या मते शेवटच्या दोन मिनिटांत संघाला एकच द्यावा.

रेडझोन: प्लेऑफमध्ये बॉल नंतर घ्यावा. किती गुण हवेत ते कळतं, त्यामुळे चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) पंट करायचा, म्हणजे बॉल लाथेने लांब पाठवून सोडायचा, की पुढे खेळायचं हा प्रश्नच उरत नाही. फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलचा अंतिम सामना) फोर्टीनाइनर्सनी बॉल आधी घेतला, फील्ड गोलवर (3 गुण) थांबले. मग चीफ्सनी टचडाउन (6 गुण) करून 25-22 असं संपवलं.

डगआउट: पण दोघांचे गुण सारखे झाले तर तिसरी पझेशन (बॉल ताब्यात असण्याची पाळी) आधीवाल्याचीच, आणि तिथे पहिला स्कोअर जिंकतो. फोर्टीनाइनर्सचा हिशेब अगदीच खुळा नव्हता.