अल्ट्रावाइड मॉनिटरवर गोल बुट्टा अंड्यासारखा दिसतोय

जेकार्डवाला_अक्कलकोट_रोड:
टॉवेल-चादरीच्या डिझाइनसाठी 34 इंची अल्ट्रावाइड (3440×1440) लावलाय. लॅपटॉप सातव्या पिढीचा इंटेल, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज 10. एचडीएमआयने जोडला की सगळं आडवं ताणलं जातं, अक्षरंही धूसर. पट्टी लावून पाहिलं : बुट्टा उभा 10 सेंमी भरतो, आडवा साडेतेराच्या आसपास. स्केलिंग 100, 125, 150 करून झालं, आकार काही बदलत नाही. केबल बदलू की मॉनिटर परत करू?

उभा_आडवा:
मालक, परतबिरत काही करू नका. साडेतेरा म्हणालात तिथेच निदान झालं. 1920×1080 चं चित्र 3440×1440 च्या काचेवर ओढून बसवलं की आडवं 1.79 पट वाढतं आणि उभं 1.33 पट. भागाकार करा, 1.34 येतो. स्केलिंगने फक्त अक्षरं-आयकॉन लहानमोठे होतात, त्याचा इथे संबंध नाही.

आधी मॉनिटरच्या बटणाने मेनू उघडा आणि 'इन्फॉर्मेशन' पान बघा. लॅपटॉपकडून काय येतंय ते तिथे कळतं. 1920×1080 असेल तर दोष लॅपटॉपच्या बाजूला. बहुतेक वेळा 'डुप्लिकेट' चालू असतं. त्यात दोन्ही पडद्यांना झेपेल असं एकच रिझोल्यूशन निवडलं जातं आणि लॅपटॉपचा पडदा 1080 चाच असतो. विंडोज + पी दाबा, 'एक्स्टेंड' घ्या. मग डिस्प्ले सेटिंग्जमध्ये वरच्या चित्रातल्या 2 वर क्लिक करून रिझोल्यूशन बदला. हे क्लिक राहिलं की माणूस लॅपटॉपचंच रिझोल्यूशन बदलत बसतो.

'इन्फॉर्मेशन' पानावर 1720×1440 दिसलं तर मॉनिटरचं 'पिक्चर बाय पिक्चर' (पडदा निम्मा वाटून दोन चित्रं शेजारी दाखवण्याची सोय) चालू राहिलंय, बंद करा.

नवी_पेठ_केबल:
यादीत 3440×1440 आलं नाही तर एचडीएमआय बदलून टाका, सरळ हिशोब.

उभा_आडवा:
इतका सरळ नाही. 60 हर्ट्झला 3440×1440 साठी साधारण 320 मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉक (ठिपके पाठवण्याचा वेग) लागतो. एचडीएमआय 1.4 ची मर्यादा 340, पण या पिढीच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट 300 लाच थांबतो. अशा वेळी हजाराची केबल घातली तरी पोर्ट तोच. केबल घ्यायला नवी पेठेत जाण्याआधी लॅपटॉपच्या कडेला बघा : मिनी डिस्प्लेपोर्ट किंवा चित्र देणारा टाइप-सी पोर्ट असेल तर त्यातून डिस्प्लेपोर्टची केबल घ्या, 60 हर्ट्झ आरामात मिळतं. टाइप-सी नुसता चार्जिंग-डेटाचा असला तर काही दिसणार नाही, हे आधी तपासा. आणि मध्ये व्हीजीए कन्व्हर्टर नको, तो बहुधा 1080 च्या पुढे जात नाही.

जेकार्डवाला_अक्कलकोट_रोड:
इन्फॉर्मेशनमध्ये 1920×1080 च होतं. एक्स्टेंड केल्यावर यादीत 2560×1080 पर्यंत आलं. बुट्टा गोल झाला, पण धूसरपणा आहेच. टाइप-सी नाही.

उभा_आडवा:
2560×1080 चं प्रमाण जवळपास तेच, म्हणून गोल. पण काचेचे सगळे ठिपके वापरले जात नाहीत, म्हणून धूसर. आता ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंग्ज → डिस्प्ले 2 ची ॲडाप्टर प्रॉपर्टीज → 'लिस्ट ऑल मोड्स'. तिथे 3440×1440 एखाद्या कमी हर्ट्झला लपलेलं असतं. नसेल तर इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये कस्टम रिझोल्यूशन : 3440, 1440, 50 हर्ट्झ, टायमिंगच्या यादीतून सीव्हीटी-आरबी (कमी क्लॉकमध्ये भागवणारी पद्धत). क्लॉक 265 च्या आसपास येतो, 300 च्या आत. 30 हर्ट्झवर समाधान मानू नका, माउस मागे रेंगाळतो आणि विणकामाच्या चौकोनी ग्राफवर ठिपके भरताना डोकं उठतं.

जेकार्डवाला_अक्कलकोट_रोड:
50 ला चाललं! अक्षरं एकदम स्वच्छ. पण गंमत बघा, डेस्कटॉपवर वर्तुळ गोल आहे, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र तोच बुट्टा अजून चपटा.

फणी_60:
आता मॉनिटरला सोडा. ग्राफवरचा एक चौकोन म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा. रीड (इंचातले उभे धागे) 60, पिक (इंचातले आडवे धागे) 40 असेल तर कापडावरचा एक इंच म्हणजे आडवे 60 चौकोन आणि उभे फक्त 40. पडद्यावर चौकोन चौरस दाखवले तर कापडावर गोल येणारा बुट्टा दीडपट रुंद दिसणारच. सॉफ्टवेअरमध्ये रीड-पिक भरून कापडाच्या प्रमाणात दाखवायचा पर्याय चालू करा. डोळ्याला बरं दिसावं म्हणून बुट्टाच दाबून गोल केलात तर मागावर तो उभट निघेल. ताणलेल्या पडद्यावर कुठल्या फाइली दुरुस्त केल्या असतील तर त्याही एकदा उघडून बघा.

आकडे मात्र धुऊन तयार झालेल्या टॉवेलवर भिंग ठेवून मोजलेले भरा. मागावर कापड ताणात असतं, धुतल्यावर आटतं आणि इंचातले पिक वाढतात.